सूर्यावरचे डाग कमी होणार म्हणून निफाडची नवी लागवड थांबवायची का?

प्रश्न मुलुंडच्या एका गृहस्थांचा आहे. त्यांच्या मेहुण्यांची निफाडला द्राक्षबाग आहे. मेहुण्यांना कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलंय की सूर्यावरचे डाग कमी होत चाललेत, २०३० नंतर ते जवळजवळ नाहीसे होतील, साडेतीनशे वर्षांपूर्वी असंच झालं तेव्हा लंडनची थेम्स नदी गोठली होती, आणि आता पुन्हा ‘छोटं हिमयुग’ येणार. जुनी बाग काढून नव्या वेली लावायचा बेत होता, तो मेहुण्यांनी अडवून धरलाय. गृहस्थांचे स्वतःचे दोन प्रश्न वेगळेच. मुंबईच्या पावसाचं काय होणार? आणि सूर्यच थंडावणार असेल तर तापमानवाढीची एवढी ओरड कशाला?

आधी मेहुण्यांना फोन करा आणि सांगा, लागवड करायची तर खुशाल करा. बाजारभावाच्या भीतीने थांबायचं असेल तर तो माझा प्रांत नाही, पण सूर्याच्या भीतीने थांबू नका. बाकीचं आता सावकाश सांगतो.

मी बत्तीस वर्षं हवामानाच्या नोंदी सांभाळण्याच्या नोकरीत काढली. ती करता करता जडलेला छंद म्हणजे सूर्यावरचे डाग मोजणं, आणि तो निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. बोरिवलीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, सकाळी साडेआठच्या सुमाराला ८० मिलिमीटरची दुर्बीण लावतो. तिला डोळा लावायचा नसतो, लावला तर डोळा कायमचा जातो. नेत्रिकेतून येणारं सूर्याचं बिंब मागे धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचं आणि दिसतील ते डाग पेन्सिलने गिरवायचे. पुठ्ठ्यावरचा ठिपका हा डाग आहे की कचरा, हे कळायला दुर्बीण किंचित हलवतो. कचरा जागेवर बसून राहतो, डाग बिंबाबरोबर सरकतो. मग हिशेब. जितके गट असतील त्यांना दहाने गुणायचं आणि त्यात सुटे डाग मिळवायचे. तीन गट आणि त्यांत मिळून चौदा डाग असतील तर त्या दिवसाचा आकडा ४४. एकच एकटा डाग असेल तरी तो एक गट आणि एक डाग, म्हणजे ११. त्यामुळे माझ्या वहीत १ ते १० हे आकडे कधीच येत नाहीत, शून्यावरून एकदम अकरावर उडी. ही पद्धत स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वोल्फने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घालून दिली आणि जग अजून तीच वापरतं.

जून ते सप्टेंबर माझ्या वहीत बहुतेक पानांवर एकच शब्द असतो: ढग. पण २००८ आणि २००९ च्या वह्या उघडल्या तर स्वच्छ आकाशाच्या महिन्यांतही शून्य, शून्य, शून्य. बायकोला वाटलं होतं दुर्बीण बिघडली. त्या दोन्ही वर्षी जगभरच्या निरीक्षकांना मिळून अडीचशेहून जास्त दिवस सूर्य कोरा दिसला होता. २०१९ मध्ये पुन्हा तेच. या तारखा लक्षात ठेवा, पावसाकडे वळलो की लागतील.

डाग म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र इतकं तीव्र झालेली जागा की खालून वर येणारी उष्णता तिथे अडते. पृष्ठभाग साधारण ५५०० अंश सेल्सिअसचा, डागाचा गाभा त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून तो काळा दिसतो. साहजिकच वाटतं की डाग वाढले की सूर्य मंद होत असेल. होतं उलटं. डागांच्या आसपास उजळ ठिपक्यांची जाळी पसरते, फॅक्युला म्हणतात त्यांना, आणि डागांनी अडवलेल्यापेक्षा जास्त उजेड ती जाळी देते. डाग भरपूर असताना सूर्य थोडा प्रखर असतो, कोरा असताना थोडा मंद. इथपर्यंत व्हिडिओवाल्याचं बरोबर आहे.

ही भरती-ओहोटी साधारण अकरा वर्षांची. जर्मनीतल्या देसाऊ गावचा श्वाबे नावाचा औषधविक्रेता बुधाच्या आतल्या बाजूला एखादा ग्रह सापडतो का हे बघायला १८२६ पासून रोज सूर्य पाहत होता. ग्रह मिळाला नाही, पण सतरा-अठरा वर्षांच्या वह्या चाळताना डागांचं चक्र मिळालं. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

मात्र चक्र नेहमी सारखं चालत नाही. १६४५ ते १७१५ ही सत्तर वर्षं डाग जवळजवळ दिसलेच नाहीत. मॉन्डर या इंग्लिश खगोलज्ञाने जुन्या नोंदी धुंडाळून हे दाखवलं, आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या जॅक एडीने त्या काळाला ‘मॉन्डर मिनिमम’ हे नाव देऊन विषय पुन्हा वर काढला. डाग होते पण कुणी पाहिलेच नाहीत, ही शंका एडीलाही होती. पण त्या काळात पॅरिसच्या वेधशाळेत पिकार, ला हिर यांच्यासारखे कसलेले लोक रोज सूर्यावर नजर ठेवून होते आणि एखादा डाग दिसला तर ती बातमी व्हायची. शिवाय झाडांच्या वाढवलयांतला कार्बन-१४ साक्षीला आहे. सूर्याचं चुंबकीय कवच ढिलं पडलं की अवकाशातून येणारे वैश्विक किरण जास्त शिरतात आणि वातावरणात कार्बन-१४ जास्त तयार होतो. त्या सत्तर वर्षांच्या वलयांत तो जास्त आहे. सूर्य खरोखरच झोपला होता.

रायगडावर ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तो या झोपेच्या ऐन मध्यावर. आणि आपल्याकडचा सतराव्या शतकातला सगळ्यात भयंकर दुष्काळ, ज्यात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेले, तो १६३०-३२ चा. म्हणजे सूर्य झोपायच्या तब्बल तेरा-पंधरा वर्षं आधीचा. यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण युरोपातल्या एका नदीवरून निफाडचं भविष्य सांगणाऱ्याने इथल्या इतिहासाकडेही एकदा बघायला हवं होतं.

आता ती नदी. थेम्स मॉन्डर काळात गोठली हे खरं, १६८३-८४ च्या हिवाळ्यात तिच्यावर बाजार भरला होता. पण बर्फावरचा असा बाजार १६०८ मध्येही भरला होता, आणि शेवटचा भरला १८१४ मध्ये. त्यानंतर का नाही? एक मोठं कारण पुलात आहे. जुन्या लंडन ब्रिजच्या कमानी इतक्या अरुंद होत्या की तो पूल जवळजवळ बंधाराच झाला होता. वरच्या अंगाला पाणी तुंबायचं आणि संथ पाणी लवकर गोठायचं. १८३१ मध्ये नवा पूल झाला, जुना पाडला आणि नदी मोकळी वाहायला लागली. ज्याला छोटं हिमयुग म्हणतात तो गारव्याचा काळही मॉन्डरच्या कितीतरी आधी सुरू होऊन एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. त्यात ज्वालामुखींचा वाटा मोठा आहे. १२५७ मध्ये इंडोनेशियाच्या लोम्बोक बेटावरचा समालास फुटला, १८१५ मध्ये शेजारच्या सुंबावा बेटावरचा तांबोरा फुटला आणि १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. तांबोराच्या वेळीही डाग कमी होते, डाल्टन मिनिमम म्हणतात त्या काळाला, म्हणून बरेच जण त्या गारव्याचं बिल सूर्याच्या नावावर फाडतात. राखेने आणि गंधकाच्या धुरकट पडद्याने ऊन अडवलं होतं, सूर्य बिचारा जवळजवळ नेहमीसारखाच तळपत होता.

मग सूर्याचा परिणाम शून्य आहे का? तसंही नाही. परिणाम होतो का, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते विचारायचं ते एवढंच की किती होतो.

पृथ्वीच्या अंतरावर सूर्यासमोर धरलेल्या दर चौरस मीटरला साधारण १३६१ वॉट ऊर्जा मिळते. १९७८ पासून उपग्रह हे मोजतायत. डाग भरपूर आणि डाग शून्य यांतला फरक येतो जेमतेम १ वॉट, म्हणजे हजार रुपयांत बारा आण्यांच्या आसपास. त्यातही पृथ्वी गोल आहे, एका वेळी अर्ध्या भागावर रात्र असते, त्यामुळे सरासरी काढताना चाराने भागायचं. शिवाय ३० टक्के ऊन ढग आणि बर्फ परत पाठवतात. उरतो दर चौरस मीटरला ०.१८ वॉटच्या जवळपास. जगाचं सरासरी तापमान यामुळे सुमारे ०.१ अंशाने खालीवर होतं. मोजता येतं, अंगाला कळत नाही.

दुसऱ्या पारड्यात कार्बन डायऑक्साइड. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. एवढ्या वाढीने दर चौरस मीटरला २ वॉटहून जास्त उष्णता अडते. सूर्याच्या पूर्ण चक्राच्या दहापटीहून जास्त. आणि सूर्याचे ०.१८ वॉट खाली जाऊन पुन्हा वर येतात, हे २ वॉट परत जात नाहीत, वाढतच राहतात. सध्याच्या वेगाने दरवर्षी साधारण ०.०३ ची भर पडते. म्हणजे सूर्य पूर्ण कोरा झाल्याने जेवढा गारवा मिळेल तेवढा आपण सहाएक वर्षांत धुराने खाऊन टाकतो. हा हिशेब मी पावतीच्या पाठीवर करून दाखवू शकतो, त्याला संगणक लागत नाही.

‘पण मॉन्डर काळात सूर्य याहूनही मंद असेल ना?’ असेल. किती, यावर अजून मतभेद आहेत. तरी मंदपणाचे मोठ्यात मोठे पटण्याजोगे अंदाज घेऊन जर्मनीच्या फॉयल्नर आणि राम्सटोर्फ या दोघांनी २०१० मध्ये गणित मांडलं: समजा असा किमान काळ आजच सुरू झाला आणि शतकभर टिकला, तर २१०० साली तापमान किती कमी असेल? उत्तर आलं, जास्तीत जास्त ०.३ अंश. जग एव्हाना एक अंशाहून जास्त तापलेलं आहे. तेव्हा ओरड कशाला याचं उत्तर मिळालं. वर आणखी एक गोष्ट. १९८० नंतर डागांच्या आकड्याची कमाल चक्रामागून चक्र उतरतच गेली: सुमारे २३३, मग २१२, मग १८०, मग २०१४ मध्ये ११६. तापमान त्याच काळात चढत गेलं. सूर्यामुळे तापत असतं तर वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, तेही तापायला हवं होतं. ते उलट थंड होतंय, आणि खालची उष्णता खालीच अडकल्याची ती खूण आहे.

एक वाट मात्र अशी आहे जिथे सूर्याचा छोटासा बदल स्थानिक पातळीवर मोठा दिसतो. एकूण उजेड हजारात एक भागाने बदलत असला तरी अतिनील किरणांचा एक पट्टा काही टक्क्यांनी बदलतो. हे किरण स्थितांबरातला ओझोन शोषतो. तिथलं तापमान बदलतं, मग हिवाळ्यात अटलांटिकवरून युरोपकडे वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांची ताकद थोडी कमी-जास्त होते. सूर्य मंद असताना उत्तर युरोपात कडाक्याचे हिवाळे येण्याची शक्यता जराशी वाढते ती या मार्गाने. जगाचा गारवा वाढत नाही, थंडी एका जागेची दुसरीकडे सरकते. आणि त्या नकाशात निफाड नाही. वैश्विक किरण ढग वाढवतात हाही एक सिद्धांत आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ‘क्लाउड’ नावाच्या प्रयोगात तो बरीच वर्षं तपासला जातोय आणि परिणाम फारच किरकोळ निघाला. पुढे जाऊ.

पाऊस. हा माझा खरा विषय, आणि या बाबतीत आपण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एकदा हात पोळून घेतलेत.

१८७६ ते ७८ दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. सोलापूर, सातारा, पुणे भाग होरपळला. वासुदेव बळवंत फडके पेटून उठले ते हाच दुष्काळ पाहून. नेमका १८७८ मध्ये सूर्य डागांच्या तळाला होता. सरकारचे सांख्यिकीप्रमुख विल्यम हंटर यांनी १८७७ मध्ये मद्रासच्या १८१३ पासूनच्या पावसाच्या नोंदी अकरा-अकरा वर्षांच्या रकान्यांत मांडल्या आणि म्हटलं, डाग कमी तेव्हा पाऊस कमी. लंडनमध्ये नॉर्मन लॉक्यर या नामांकित खगोलज्ञाने त्यांची बाजू उचलून धरली. जेव्हन्स हा अर्थशास्त्रज्ञ त्याच सुमाराला व्यापारातल्या मंदीचाही संबंध डागांशी लावत होता. आता दुष्काळ दहा वर्षं आधी कळणार, अशी हवा झाली. राज्यकर्त्यांनाही ते सोयीचं होतं, कारण दोष सूर्याचा ठरला की धान्य बाहेर पाठवण्याबद्दल कुणी विचारत नाही. हे माझं मत आहे, नोंदवहीतलं नाही.

हंटरच्या तक्त्यात मुळातली गोची अशी की मद्रासचा बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. मुंबई, पुणे, सोलापूर भिजतात जून ते सप्टेंबर, नैऋत्य वाऱ्यांनी. एका गावाच्या परतीच्या पावसावरून अख्ख्या देशाचा अंदाज बांधायचा म्हणजे घाटकोपरला टाकीत पाणी आलं म्हणून दहिसरला नळ सोडून बसायचं. दुसरी केंद्रं घेतली की संबंध विरघळत गेला.

पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख होऊन आले. केंब्रिजचे गणिती, हवामानाचा अनुभव काही नव्हता. त्यांनी डाग आणि पाऊस, डाग आणि तापमान, डाग आणि हवेचा दाब अशी सगळी गणितं जगभरच्या केंद्रांवर करून पाहिली. अंदाज बांधता येईल असा संबंध हाती लागला नाही. पण तेच आकडे चाळताना त्यांना दिसलं की प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो आणि आपला पाऊस त्या झोक्याला बांधलेला आहे. आज ज्याला आपण एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस बहुधा घटतो त्या घटनेच्या जोडीने ओळखतो तो हा झोका. आणि मागे वळून पाहिलं तर १८७७-७८ मध्ये इतिहासातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी एक होता. हंटरने भलत्याच संशयिताला पकडलं होतं.

आता वहीतल्या त्या तारखा काढा. २००९ चा उन्हाळा, सूर्य कोरा: देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ७८ टक्के, मुंबईत तलाव रिकामे, पाणीकपात. २०१९, सूर्य पुन्हा तितकाच कोरा: पाऊस ११० टक्के, कोल्हापूर-सांगली पाण्याखाली. उलट बाजूने बघा. २००२ मध्ये सूर्य डागांनी भरलेला होता, आणि पाऊस ८१ टक्के. १९७२ च्या दुष्काळात सूर्य ना वर ना खाली, मधल्या उतारावर. २००९ ला एल निनो होता. २०१९ ला हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा तापलेला होता आणि तो पावसाला मदत करत होता. मोसमी पावसाचा अंदाज बांधताना समुद्राचं तापमान आधी बघतात ते याचसाठी.

हजारो वर्षांच्या मापात मात्र गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ते सांगितलं नाही तर लबाडी होईल. ओमानमधल्या एका गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभाचे थर तपासून २००१ मध्ये दाखवण्यात आलं की सहा ते नऊ हजार वर्षांपूर्वी तिथला मोसमी पाऊस सूर्याच्या सावकाश चढउताराबरोबर हलत होता. म्हणजे सूर्याचा हात पावसावर आहे, पण तो शतकांच्या तालात. यंदा पाऊस कधी आणि किती, हे तो ठरवत नाही.

सूर्याने मुंबईवर खरोखर केलेली करामत बघायची तर पर्जन्यमापक सोडून कुलाब्याच्या होकायंत्राकडे जावं लागतं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ सांभाळलेली, जिथे केरूनाना छत्रे तरुणपणी नोकरीला होते. २ सप्टेंबर १८५९ ला सकाळी तिथल्या माणसाने चुंबकसुई पाहिली तर पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलं होतं. सूर्यावरून सुटलेल्या चुंबकीय लोटाने उठवलेल्या त्या प्रचंड सौर वादळाची विषुववृत्ताजवळची ती दुर्मीळ नोंद आहे, आणि हाताने लिहिलेले ते आकडे एकविसाव्या शतकात अभ्यासकांच्या कामी आले. पुढे मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा सुया बिघडतील म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं.

स्कायलॅब आठवतं का? अमेरिकेचं ते अवकाशस्थानक पृथ्वीवर कोसळलं, जुलै १९७९. मी तेव्हा सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी होतो. आता काही आपण वाचत नाही म्हणून वाडीतल्या लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, एकाने तर उधारी मागायला आलेल्या दुकानदाराला ‘स्कायलॅब पडल्यावर ये’ म्हणून सांगितलं. ते यान लवकर खाली आलं त्याचं कारण सूर्य होता. डाग अपेक्षेपेक्षा जास्त वाढले, वरचं विरळ वातावरण तापून फुगलं आणि यानाला त्याचा अडथळा झाला. सूर्य शांत असतो तेव्हा उलटं होतं, वातावरण आकसतं, उपग्रह आणि त्यांचा कचराही जास्त टिकतो. डाग कमी झाल्याचा नक्की सांगता येण्याजोगा परिणाम हवा असेल तर तो तिथे, चारशे किलोमीटर उंचीवर आहे.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मे २०२४ मध्ये गंमत झाली. १० आणि ११ मे ला मोठं सौर वादळ आलं, लडाखच्या हानलेमध्ये आकाशात लाल उजेड दिसला. १३ मे ला मुंबईत धुळीचं वादळ आलं. तासाभरात एकाने दोन्ही वादळं जोडून टाकली. मराठीत दोन्हींना वादळ म्हणतात यापलीकडे त्यांचं नातं नाही.

आता २०३०. ही तारीख आली कुठून? २०१५ मध्ये व्हॅलेंटिना झारकोवा या संशोधिकेने एक गणिती प्रतिमान मांडलं, त्यात २०३० च्या दशकात सूर्याची सक्रियता सुमारे ६० टक्क्यांनी घसरेल असं म्हटलं होतं. ही घसरण चुंबकीय सक्रियतेची. वर्तमानपत्रांनी तिचं ‘छोटं हिमयुग’ केलं, आणि लोकांनी वाचलं की सूर्याचा उजेडच ६० टक्के कमी होणार. तसं झालं तर द्राक्षांची काळजी करायला कुणी उरणारच नाही.

शिवाय डागांची भाकितं करणाऱ्यांचा अलीकडचा निकाल काही चांगला नाही. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ ला सुरू झालं. तज्ज्ञांच्या समितीने कमाल ११५ च्या आसपास सांगितली होती. २०२४ च्या उत्तरार्धात ती १६० वर गेली. हातात असलेल्या चक्राची उंची जिथे चुकते, तिथे पुढच्या सत्तर वर्षांची झोप कोण सांगणार? सूर्य कधीतरी पुन्हा असा झोपेल, पूर्वी झोपलाय. पण कधी, ते मला नाही सांगता येणार, व्हिडिओवाल्यालाही नाही.

आणि इथे एक सावधगिरी. अकरा वर्षांच्या हिशेबाने पुढचा साधा, नेहमीचा तळ २०३०-३१ च्या आसपास येणारच आहे. माझ्या वहीत पुन्हा शून्यांची रांग लागेल आणि तेव्हा ‘बघा, बोललो होतो’ म्हणत तोच व्हिडिओ नव्याने फिरेल. मेहुण्यांना हे आत्ताच सांगून ठेवा.

निफाडची थंडी राहिली. तिथे पारा अधूनमधून ५ अंशांच्या खाली जातो, मण्यांना तडे जातात, लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. ही थंडी उत्तरेतून पश्चिमी झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठोपाठ कोरड्या वाऱ्यांबरोबर उतरते. ती यायला सूर्य कोरा असावा लागत नाही. मुंबईत सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंश नोंदले गेले, ते सूर्य कमालीवरून उतरत असताना, तळ १९६४ ला. आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने बागा झोडपल्या तेव्हा तर सूर्य त्या चक्राच्या ऐन भरात होता. नव्या बागेचं आयुष्य पंधराएक वर्षांचं धरलं तर त्यात सूर्याचं एक चक्र आणि वर थोडं बसतं, ०.१ अंशाचा चढउतार. अवकाळी आणि गारपिटीसाठी प्लास्टिक आच्छादनाचा खर्च परवडतो का, हा विचार मेहुण्यांनी जरूर करावा. थंडीच्या लाटेचा इशारा चार-पाच दिवस आधी मिळतो, तो बघत जावं.

तुम्हाला डाग स्वतः बघायचे असतील तर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला की या. मुलुंडहून निघताना फोन करा, आणि सकाळी साडेनऊच्या आत पोचा, नंतर आमच्या गच्चीची लादी इतकी तापते की उभं राहवत नाही. पुठ्ठा तुम्ही धरायचा.